माळेबाहेरचा कांदा

सकाळचे साडेसहा. काकी कांद्याच्या ढिगाशी वाकून पातीवरून हात फिरवतायत. रात्रीच्या दवाने पात ओलसर आहे, वळवली तर वळते. "चल गो, आताच बसायला पायजे," त्या सुनेला हाक मारतात. ऊन चढलं की हीच पात कडक होणार आणि पीळ देताना तुटणार. म्हणून माळा गुंफायच्या त्या दव असेतोवर.

फेब्रुवारी अर्धा सरलाय. आम्ही अलिबाग तालुक्यात, कार्लेखिंडीच्या आसपासच्या पट्ट्यात आहोत. कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव, वाडगाव, तळवली ही सगळी पांढऱ्या कांद्याची गावं. पावसाळ्यात या जमिनीत भात असतं. भात कापून खळ्यावर गेलं की त्याच शेतात वाफे पाडून कांद्याची रोपं लावतात, आणि जिथे विहिरीचं पाणी पोचत नाही तिथे जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. बांधावर उभं राहिलं की दोन्ही एकदम दिसतं. डाव्या हाताला उपटून पसरलेला कांदा, उजव्या हाताला शेंगांनी लगडलेला वाल, पलीकडे पेंढ्याची उडवी.

सासू-सुना समोरासमोर बसल्यात. पातीत पात गुंतवत, दर पेडाला एक आवळता झटका देत माळ खाली उतरत जाते. हात गुंफत असताना डोळे निवडीचं काम करतात. सारख्या आकाराचा, चपटगोल, बारीक मानेचा कांदा माळेत जातो. थोडा लहान-मोठा असेल तर सुट्या विक्रीच्या पाटीत. आणि काकींच्या मागे, न बघताच फेकलेला, एक तिसरा ढीग वाढत चाललाय. त्यात एका सालीत दोन बसलेले जोडकांदे आहेत, फुलाचा दांडा आलेले डेंगळे आहेत, काढताना खुरप्याचा वार लागलेले आहेत.

"हे टाकणार?" मी विचारते.

"टाकतंय कशाला? हे घरचं." काकींचा हात थांबत नाही. "माळेला रूप लागतं. जेवनाला काय त्याचं?"

सून एक जोडकांदा उचलून माझ्याकडे देते. मी साल काढून चावते. तिखटपणा जिभेवर येतो न येतो तोच गोडवा पुढे होतो. डोळ्यांना पाणी नाही. अलिबागच्या या कांद्याच्या भौगोलिक मानांकनावर 2021 मध्ये शिक्कामोर्तब झालं, ते याच चवीसाठी. वडखळपासून पोयनाड, कार्लेखिंडीपर्यंत रस्त्याच्या कडेला बांबूंवर माळा टांगलेल्या असतात आणि शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या तिथे थांबतात. गाडीवाले माळ हातात धरून फोटो काढतात, भाव पाडून मागतात, घेतात. त्या फोटोत डेंगळा कधी दिसत नाही. तो इथे, याच घरात खाल्ला जातो.

आठ वाजता ऊन शेतात येतं तसं काम मोडतं. आम्ही घरी येतो तर पडवीत आजींची बैठक आधीच जमलेली. समोर पितळी परात, परातीत कोमट पाण्यात मोड आलेले वाल. आजींना ऐकू कमी येतं, बोटांना मात्र सगळं कळतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाणा धरायचा, हलकेच दाबायचा. साल बोटांत राहते आणि पिवळट दाणा सुटून परातीच्या दुसऱ्या कडेला जातो. मीही बसते. दहा दाण्यांत दोन माझ्या हातून दुभंगतात, आजींचा एकही नाही.

हे वाल गेल्या वर्षीचे. राखेत घोळवून डब्यात भरून ठेवलेले, म्हणून किडीचा पत्ता नाही. परवा रात्री भिजले, काल फडक्यात बांधून मोड आले, आज सोलले जातायत. बिरडं शिजायला अर्धा तासही लागणार नाही, पण ते चुलीवर चढण्याआधी दोन रात्री आणि आजींची एक अख्खी सकाळ त्यात गेलीय.

"कडवे हायत ना?" मी जरा मोठ्याने विचारते.

"कडवेच पायजेत," आजी म्हणतात. "गोड वालाचा काय बिरडा!"

पडवीच्या तुळईवर गेल्या हंगामातली एक जुनी माळ अजून लोंबतेय. वरची साल कागदासारखी झालीय, आतले चार-पाच कांदे शाबूत. चुलीचा धूर तिथवर पोचतो. नव्या माळांतल्या दोन घरासाठी याच जागी चढतील आणि जून-जुलैत उतरतील. त्या महिन्यांत समुद्र बंद असतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची मनाई. तेव्हा या घरात सुके बोंबील, सुकट आणि तुळईवरचा कांदा चालतो. इथला स्वयंपाक ताज्यावर चालतो हे खरं, पण ताजं आहे तेव्हा ते राखून कसं ठेवायचं हेही त्याच स्वयंपाकात येतं.

बाहेर रस्त्यावर मिनीडोर थांबल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ हाक. "म्हावरं हाय गो!"

थळकडची कोळीण. ओल्या पाटीवर फडकं, कमरेला खोचलेलं लुगडं, हातात वजनकाटा नाही. ओटीवर पाटी उतरवते आणि फडकं बाजूला करते. काकींनी काल रात्रीच ठरवलं होतं की पाहुणी आहे तर कोळंबी करायची. पाटीत कोळंबी नाही. बोंबील आहेत, मूठभर मांदेली आहे, थोडा ओला जवळा आहे.

"कोलबी नाय आनलीस?"

"भांग चालू हाय ना काकी. पान्याला जोर नाय तर जाल्यात काय येनार?"

दोघींच्या दृष्टीने विषय इथेच संपतो. बोंबील-कोळंबी पकडायचं डोल जाळं प्रवाहाच्या तोंडाशी रोवून ठेवतात; भरती-ओहोटीचं पाणी धावतं तेव्हाच त्यात मासळी शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात, मधल्या भांगात मंद. आज दुपारी या घरात काय शिजणार हे अष्टमीच्या चंद्रानेच ठरवून टाकलंय. काकींच्या चेहऱ्यावर बेत मोडल्याची खूणही नाही. त्या लगेच वाकून बोंबील पाहायला लागतात.

पाहणं म्हणजे हात लावणं. बोंबील मुळातच लिबलिबीत, त्यामुळे बोट रुतलं म्हणून तो शिळा ठरत नाही. काकी एकेक उचलून उजेडाकडे धरतात. अंग काचेसारखं आरपार आणि गुलाबी झाक असलेलं हवं. पांढुरकं पडलेलं, पाणी सुटलेलं नको. कल्ला उघडून लाल आहे का ते पाहतात. दोन बोंबील वाट्यातून काढून परत ठेवतात, त्या जागी दुसरे दोन घेतात. कोळीण बघत असते, काही बोलत नाही. घेणारीला कळतं हे विकणारीला माहीत आहे.

"दीडशे."

"शंभर."

"पेट्रोल काय भाव झालाय? मिनीडोरवाला फुकट आनतो का मला?"

सव्वाशेवर तुटतं. वर मूठभर जवळा पडतो, आणि काकींकडून चार जोडकांदे कोळणीच्या पाटीत. हा व्यवहार भावात धरलेला नाही. तो दरवेळचा असावा, कारण कांदे पाटीत पडतात तेव्हा दोघी भलत्याच विषयावर, कुणाच्या तरी हळदीवर बोलत असतात.

स्वयंपाकघरात गॅस आहे, मिक्सर आहे, फ्रीज आहे. मागच्या पडवीत चूलही आहे आणि कालवण, भाकरी तिथेच होतात. काकी पाटावर बसून विळीवर बोंबील साफ करतात. डोकं, पर, शेपटी, पोट. एकाचे दोन तुकडे, मिठाचं पाणी, दोनदा धुणं. सून मिक्सरला हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर आणि आलं लावते. कोथिंबीर परसातली आहे, देठांसकट. "देठं काढू नको," काकी आतून सांगतात, जरी तिने काढलेली नसतात.

टोपात तेल. त्यात लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या, मग वाटण, हळद आणि चमचाभर आगरी मसाला. हा मसाला गेल्या उन्हाळ्यात मिरच्या वाळवून डंकावर कुटून आणलेला. बरणी आता तळाला आलीय. चिंचेचा कोळ, थोडं पाणी, मीठ. उकळी फुटली की बोंबील सोडायचे, आणि यानंतर टोपात चमचा घालायचा नाही. काकी दोन्ही बाजूंनी फडक्याने टोप धरतात आणि गोल हलवतात. पुन्हा एकदा. पाच-सहा मिनिटांत टोप चुलीच्या कडेला येतो.

"झालं?"

"जास्ती ठेवलं तर तोच पानी होऊन जाईल."

त्यात कांदा नाही, खोबरं नाही, गरम मसाला नाही. सून सांगते की लग्न होऊन आली तेव्हा तिला हे अपुरं वाटायचं. तिचं माहेर घाटावरचं. तिथे रस्सा म्हणजे भाजलेला कांदा-खोबरं. "मला वाटायचं सासूबाई वाटण वाचवतायत," ती हसते. काकी ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि जवळ्याकडे वळतात. जवळ्यात मात्र कांदा भरपूर पडतो. डेंगळ्याचा दांडा काढून टाकून, जोडकांदे बारीक चिरून, पातीचा हिरवा भागही त्यात. कांदा-जवळा एकमेकांच्या पाण्यात शिजतात.

बिरड्यासाठी नारळ फुटतो. तो काकींच्या माहेरचा, नागावच्या वाडीतला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आलं तेव्हा त्या वाडीतली निम्मी झाडं आडवी झाली. त्यानंतर लावलेल्या माडांना आता कुठे फळ धरतंय, म्हणून माहेरचा नारळ हल्ली मोजून येतो. काकी खवणीवर अर्धीच वाटी खवतात, उरलेली मिठाचं बोट लावून ठेवतात. अलिबाग-पेणकडच्या सीकेपी घरांत बिरडं नारळाच्या रसात शिजतं, दाट आणि गोडसर. काकींचं पातळ असतं. कांदा परतून त्यात वाल, हळद, मसाला, वाल बोटचेपे झाले की खोबरं-कोथिंबिरीचं वाटण आणि गुळाचा खडा. वाल मोडता कामा नये. आजींनी अख्खी सोललेली डाळिंबी ताटात अख्खीच यायला हवी. नाहीतर त्या विचारणार.

शेवटी भाकरी. आधणाच्या पाण्यात तांदळाचं पीठ पडतं, उलथन्याच्या दांड्याने ढवळलं जातं, झाकण ठेवून वाफ मुरते. ती उकड काकी परातीत घेतात आणि गरम असतानाच, पाण्याचा हात लावत, मळतात. पीठ घरच्या तांदळाचं. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेलं कर्जत-3 वाण त्यांच्या शेतात असतं. लवकर तयार होतं, त्यामुळे कांद्याला शेत वेळेवर मोकळं मिळतं. भाकरी परातीतच थापली जाते, हातावर उचलून तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात. उलटते, फुगते. एक, दोन, तीन. काकी घामाने भिजल्यात पण भाकरीचा गोल सरकत नाही.

"काका आले की बसू," सून म्हणते, आणि काका येतातच, पाय धुऊन, पंच्याने तोंड पुसत.

पानं मांडली जातात. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, बिरडं, कांदा-जवळा, नंतर भात. काका एक जोडकांदा पाटावर ठेवून बुक्कीने फोडतात, मधला कोंब माझ्या ताटात देतात. बोटांनी बोंबील धरायला जावं तर तो बोटांत राहत नाही. भाकरीच्या घडीतच त्याला घ्यावं लागतं. आंबट-तिखट रस्सा भाकरीत मुरतो आणि मासा आहे की नाही असं वाटेपर्यंत नाहीसा होतो. चिंच, लसूण आणि मग समुद्र, अशा क्रमाने चव येते. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची भर असती तर हा शेवटचा टप्पा कळलाच नसता. बिरड्याचा कडवटपणा घासाच्या अगदी अखेरीस येतो आणि मग कच्चा कांदा तो धुऊन टाकतो. कोणता पदार्थ कशाच्या शेजारी बसवायचा हे या ताटात कुणीतरी फार पूर्वी ठरवून ठेवलंय.

काकांना बोलतं करायला फक्त भाताचा विषय लागतो. चरी गाव इथून लांब नाही. 1933 ते 1939 अशी सहा वर्षं खोतांविरुद्ध तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी संप केला, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली. जमीन पिकवायचीच नाही असा तो संप. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. त्या काळात लोकांनी लाकडं तोडून विकली, खाडीतले खुबे-निवट्या पकडून पोरं जगवली. हे काका पुस्तकातून सांगत नाहीत. "माजा आजा सांगायचा," ते म्हणतात, "भात आपन पिकवायचा न् कनी मोजायच्या. पिकलेला खोताच्या कोठारात." मग स्वतःच्या ताटातल्या भाताकडे बघून पुढचा घास कालवतात.

"आणि आता?" मी विचारते.

काका भाकरीचा तुकडा खिडकीच्या दिशेने दाखवतात. समोरच्या शेताला उंच भिंत आहे, भिंतीवर बोगनवेल. "तो चुलत्यांचा कांद्याचा वाफा व्हता. आता तिथं पोहायचा हौद हाय." जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून दलालांच्या फेऱ्या वाढल्यात, ते सांगतात. मांडव्याला रो-रो बोट आहेच. गुंठ्याचा भाव ऐकला की कांद्याचा भाव हसण्यावारी जातो. भिंतीपलीकडचे लोक वाईट नाहीत. दर शनिवारी इथूनच दोन माळा घेतात, पैसे रोख देतात. "त्यांना गावठीच लागतं सगलं," काका म्हणतात. "पन गावठी पिकवायला गाव ठेवायला नको?"

काकी त्यांना भात वाढून गप्प करतात. "जेवा. पावनी इकत घ्यायला नाय आली."

जेवणं उरकतात. उरलेलं कालवण रात्रीसाठी झाकून ठेवलं जातं. ते मुरल्यावर दुपारच्यापेक्षा चांगलं लागतं, यावर घरात मतभेद नाही. सून पाठवणीची पिशवी भरू लागते, कारण नणंदेचा नवरा संध्याकाळी खारघरला परत जाणार आहे. पिशवीत तांदळाचं पीठ, डब्यात सोललेले वाल, आणि एक माळ. माळ मात्र रूपवाली, तिसऱ्या ढिगातली नाही. लेकीच्या शेजाऱ्यांना दिसायची आहे.

तेवढ्यात लेकीचाच फोन येतो. काकी तो स्पीकरवर लावून भांडी घासत बोलतात.

"आई, बोंबलाचं कालवण किती वेळ शिजवायचं? दर वेळी माझा गाळ होतो."

"बोंबील कधीचा?"

"शनिवारचा. फ्रीजरमध्ये आहे."

"आज कोन वार?"

पलीकडे क्षणभर शांतता. "बुधवार."

"मग त्याचा कालवन नको करू. दाबून पानी काढ, रव्यात घोल आनि तल. तुज्याकडं तोच होनार."

"पण मला कालवण खायचंय."

"मग ताजा मिलेल त्या दिवशी कर. नाय मिलाला तर बिरडा कर, वाल पाठवतंय." काकी टोप उपडा घालतात. "आनि वाल तरी लगेच घे, उद्या आंबतील."

फोन बंद होतो. मी वहीत कालवणाची कृती लिहायला घेतलेली. सामान लिहून झालंय, वेळेच्या जागी काय लिहावं हे कळत नाही. काकी हात पुसत माझ्या वहीत डोकावतात, वाचत नाहीत. राखेचा डबा खाली काढतात, ताटलीत वाल ओततात, आजींसमोर निवडायला सरकवतात. आजींचा डोळा लागत आला होता. त्या उठून बसतात आणि खडे काढू लागतात.

"ताई, परवा हाव का तुमी इथंच?" काकी विचारतात.

"का हो?"

"आज भिजवला तर परवा होनार ना. असाल तर मूठभर जास्ती टाकतंय."